तबकडीवरचा डमरू

जुन्या भारी घड्याळांच्या व्यवहारात एक तक्रार नेहमीची: 'फोटोत तबकडी राखाडी होती, हातात आली तर चंदेरी. नक्की बदलली!' कधी खरंच बदललेली असते. पण पुष्कळदा ही करामत ओरखड्यांची असते.

'सनबर्स्ट' तबकडी घ्या. तिच्यावर मध्यापासून कडेपर्यंत सूर्यकिरणांसारखे बारीक ओरखडे मुद्दाम ओढलेले असतात. सपाट आरसा प्रकाश एकाच दिशेला परतवतो. ओरखड्याच्या उतरत्या भिंती तो आडव्या बाजूंना पसरवतात, लांबीच्या दिशेने मात्र नाही. आता दिव्याची दिशा आणि तुमच्या डोळ्याची दिशा यांच्या बरोबर मधली दिशा मनात धरा. तिच्याशी काटकोन करणारा ओरखडाच डोळ्याकडे प्रकाश पाठवतो. ओरखडे तर चहूबाजूंना पसरलेले! त्यामुळे अट पाळतात फक्त समोरासमोरचे दोन, आणि थोडीफार पाळतात त्यांचे शेजारी. म्हणून तबकडीवर उजळतो एक डमरू. मनगट कलवलं की मधली दिशा सरकते आणि डमरू फिरतो. ती दिशा तबकडीला अगदी लंब झाली, तर सगळेच ओरखडे काटकोनात येतात आणि अख्खी तबकडी झगमगते. गोल ओरखड्यांच्या स्टीलच्या ताटलीतही असाच पट्टा दिसतो, फक्त काटकोनात वळलेला.

सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं, तबकडीवरच्या कोरीव नक्षीत का नाही? सीडीच्या खाचांत अंतर 1.6 मायक्रोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जेमतेम तिप्पट. घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगेने 18व्या शतकाच्या अखेरीस तबकड्यांवर रुजवलेल्या गिलोशे, म्हणजे यंत्राने कोरलेल्या, नक्षीच्या रेघा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. तिथे विवर्तनाचे (बारीक खाचांवरून प्रकाश फाकण्याचे) रंग दिसत नाहीत, शुद्ध परावर्तन चालतं.

जाता जाता: उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी 'ट्रॉपिकल' म्हणून चढ्या भावाने विकतात. रंग विटला, एवढंच. आणि जुन्या आकड्यांवरचं किरणोत्सारी रेडियम आता चमकत नाही म्हणून ते संपलं, असं समजू नका. थकलंय ते रेडियमच्या किरणांनी चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम-226चा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 1600 वर्षांचा आहे, म्हणून असं घड्याळ घरी उघडू नये.

'लिनन' तबकडीवर आडव्या आणि उभ्या रेघा असतात. तिरप्या उजेडात घड्याळ चकतीसारखं फिरवलं की आधी एक संच उजळतो, पाव फेऱ्यानंतर दुसरा. विकणाऱ्याकडून फोटोऐवजी असा व्हिडिओ मागवा. नुसता शाईने छापलेला पोत कितीही फिरवला तरी ढिम्म राहतो.