लकवा नाही, तरी विस्मरण: एट्रियल फिब्रिलेशन आणि मेंदूच्या नात्याची पार्श्वभूमी

नाडी पूर्णपणे बेताल चालते ती हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे कर्णिकांच्या, थरथरण्यामुळे. लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये ईसीजीच्या आधारे हे दाखवून दिलं आणि हा विकार दुर्मीळ नसून नेहमी भेटणारा आहे असंही सांगितलं. तरीही पुढची कित्येक दशकं एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ, धोक्याचं मानलं जाई ते मुख्यतः संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या रुग्णांत. झडप ठीक असेल तर फारशी काळजी केली जात नसे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने हा समज मोडला. झडपेचा संधिवाती आजार आणि एएफ असं दोन्ही असणाऱ्यांत लकव्याचा धोका सुमारे सतरा पट निघाला, पण झडपेचा आजार नसलेल्यांतही तो पाच पटींहून अधिक होता.

कारणही हळूहळू स्पष्ट झालं. डाव्या कर्णिकेला एक छोटा खिसा असतो. कर्णिका नीट आकुंचन पावत नसेल तर त्यात रक्त साचून गुठळी होते, आणि ती निसटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. झडप निरोगी असलेल्या एएफमध्ये सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के याच खिशात असतात. १९९० च्या आसपासच्या चाचण्यांत रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनने लकवा सुमारे दोन तृतीयांशांनी कमी केला. एवढं मोठं यश हाती आल्यावर सगळं लक्ष लकव्यावर खिळलं यात नवल नाही. एएफच्या रुग्णाची स्मरणशक्ती घटली तर ‘लकवा होऊन गेला असेल’ किंवा ‘वय झालं’ एवढ्यावर चर्चा संपायची.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासाने १९९७ मध्ये ही चर्चा पुन्हा उघडली. ५५ वर्षांवरच्या साडेसहा हजारांहून अधिक लोकांमध्ये एएफ असणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याच्या आजाराचं, प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं, आणि आधी होऊन गेलेल्या लकव्याने त्याचं पूर्ण स्पष्टीकरण मिळत नव्हतं. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लकवा झालेला नसतानाही बौद्धिक घट वा डिमेन्शियाचा धोका साधारण एक तृतीयांशाने जास्त भरला. आमच्या मते या विषयातला खरा टप्पा हाच. लकवा टळला म्हणजे मेंदू वाचला, हे गृहीतक इथे ढासळलं.

मग इजा होते कुठून? स्वित्झर्लंडमधल्या एएफच्या रुग्णांचे एमआरआय २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लकवा किंवा त्याचा तात्पुरता झटका कधीही न आलेल्यांपैकी १८ टक्के लोकांच्या मेंदूत रक्त न मिळाल्याने मेलेले मोठे भाग दिसले. ना हात लुळा पडला होता, ना वाचा गेली होती. त्याशिवाय बारीक रक्तस्रावांच्या खुणा होत्या, लहान रक्तवाहिन्यांच्या आजाराच्याही होत्या. दुसरं कारण प्रवाहाचं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सातवा-आठवा हिस्सा त्याला लागतो. कर्णिकांचा शेवटचा रेटा नाहीसा झाला आणि ठोके कमीजास्त अंतराने पडू लागले की हा पुरवठा घटतो. आइसलँडमधल्या संशोधकांनी तो मोजला, आणि विद्युतझटका देऊन ताल पूर्ववत केल्यावर तो सुधारतो हेही दाखवलं. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि दारू ही कारणं एएफलाही जन्म देतात आणि मेंदूलाही पोखरतात. म्हणूनच कोणता वाटा कोणाचा, हे निरीक्षणांवरून वेगळं काढणं कठीण जातं.

औषधांच्या बाबतीत याच गुंत्याने फसगत केली. स्वीडनच्या नोंदवहीतल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचं विश्लेषण २०१८ मध्ये आलं. सुरुवातीपासून रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांत डिमेन्शिया २९ टक्क्यांनी कमी होता. आशा वाटावी असाच हा आकडा. पण ज्यांची स्मृती आधीच डळमळू लागली आहे त्यांना डॉक्टर ही गोळी देताना कचरतात, आणि दिली तरी ती नियमित घेतली जात नाही. त्यामुळे गोळी न घेणाऱ्यांचा गट मुळातच अधिक आजारी असू शकतो. खरी परीक्षा कॅनडातल्या ब्रेन-एएफ चाचणीने घेतली. लकव्याचा धोका कमी असलेल्या ३० ते ६२ वयाच्या रुग्णांना रिव्हारॉक्सबॅन हे रक्त पातळ करणारं औषध १५ मिलिग्रॅम किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. २०२४ मध्ये निकाल जाहीर झाला: बौद्धिक घट थांबली नाही, चाचणी मुदतीआधीच बंद करावी लागली. ताल लवकर पूर्ववत करण्याच्या धोरणाने २०२० च्या ईस्ट चाचणीत हृदयविकाराच्या घटना कमी केल्या, पण दोन वर्षांनंतरच्या बौद्धिक गुणांत फरक पडला नाही.

याचा अर्थ रक्त पातळ करणारी गोळी निरुपयोगी, असा कोणी काढला तर घात होईल. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा यांमुळे धोका असलेल्या रुग्णाला ती लागतेच. चूक होते ती मात्रेत. अशाच दुसऱ्या गोळीची, अपिक्सबॅनची, नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी असतील तरच ती २.५ वर आणायची. आपल्याकडे ६० किलोच्या आतल्या बायका घरोघर आहेत. केवळ वजन पाहून मात्रा निम्मी केली तर संरक्षण अपुरं पडतं. रिव्हारॉक्सबॅन १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही.

भारतात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. संधिवाती मायट्रल झडपेचा आजार इथे अजूनही आहे, आणि २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा एएफसाठी रिव्हारॉक्सबॅनपेक्षा जुन्या पद्धतीची औषधंच सरस ठरली. म्हणजे वॉरफरिन किंवा एसिट्रोम, आयएनआर (रक्त किती पातळ झालं हे सांगणारी चाचणी) २ ते ३ च्या दरम्यान, आणि मेथी-पालक, ज्यांनी औषधाचा परिणाम बदलतो, बंद न करता दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात.

घट ओळखायची कशी, हा प्रश्न उरतो. एएफमध्ये बऱ्याचदा नावं विसरण्याआधी विचारांचा वेग आणि नियोजन मंदावतं: किराण्याचा हिशेब चुकतो, गोळ्यांचे डबे उलटसुलट भरले जातात. स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या, १९७५ पासून वापरात असलेल्या एमएमएसई या प्रश्नोत्तरांच्या चाचणीत हे सहज निसटतं, २००५ च्या मोका चाचणीत अधिक पकडलं जातं. मोका ३० गुणांची असते. २६ च्या खाली शंका घेतात आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीला हा एक गुण पुरत नाही. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये हिंदी चाचणी बेतावी लागली ती यासाठीच. म्हणून एएफचं निदान होताच एकदा चाचणी करून गुण फाईलमध्ये लिहून ठेवावेत आणि वर्षाने पुन्हा तीच चाचणी, त्याच भाषेत, शक्यतो सकाळी, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून घ्यावी.