बल्बमधली साखर आणि विदर्भातला उन्हाळा

शिरेतून काढलेले रक्त बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या नळीत, पडले म्हणजे त्यातील पेशी मेल्या असे होत नाही. तांबड्या पेशीला मायटोकाँड्रिया नसतो, त्यामुळे ऊर्जेसाठी तिला एकच वाट उरते: ग्लुकोजचे दहा पायऱ्यांत पायरुवेटपर्यंत विघटन करून त्याचे लॅक्टेट बनवायचे आणि दर रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे निव्वळ दोन रेणू मिळवायचे. शरीरात असताना यकृत रक्तातील साखर भरून काढत असते. बल्बमध्ये ती भरणारे कोणी नाही, पेशी मात्र खातच राहतात. खोलीच्या तापमानाला, पेशी न वेगळ्या केलेल्या रक्तातील ग्लुकोज दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. डी. फार्म. या औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेतील ‘बायोकेमिस्ट्री अँड क्लिनिकल पॅथॉलॉजी’ या विषयात ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोजचे हेच विघटन, एका प्रकरणात आणि रक्तातील साखरेची तपासणी दुसऱ्याच प्रकरणात येते, आणि विद्यार्थी दोन्ही वेगवेगळी पाठ करतो. प्रत्यक्षात पहिले प्रकरण दुसऱ्याचा आकडा बदलत असते.

पुस्तकातील ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २५ अंश. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिक्कीत तर त्याहूनही जास्त. एन्झाइमच्या क्रियेचा वेग, ते एन्झाइम उष्णतेने बिघडत नाही तोवर, दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. आता असे समजा की एखाद्या खेड्यात सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ग्लुकोज १३८ मिलिग्रॅम होते, म्हणजे मधुमेहाच्या १२६ या सीमेच्या स्पष्ट वर. नमुना साध्या बल्बमध्ये घेतला, गावोगावचे नमुने गोळा करत तो तालुक्याच्या प्रयोगशाळेत तीन तासांनी पोहोचला, आणि घट तासाला केवळ ६ टक्के धरली, तरी यंत्र ११५ च्या आसपास आकडा दाखवील. यंत्र अचूक आहे, अभिकर्मक (तपासणीचे रसायन) ताजा आहे, तंत्रज्ञाचीही चूक नाही. तरीही मधुमेही माणूस कागदावर मधुमेहपूर्व अवस्थेत जाऊन बसला. डिक्कीतल्या उष्णतेचा हिशेब तर यात धरलेलाच नाही.

यावरचा उपाय म्हणजे राखाडी टोपणाचा फ्लोराइड बल्ब. त्याच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या भुकटीत सोडियम फ्लोराइड असते आणि जोडीला रक्त गोठू न देणारे, बहुधा पोटॅशियम ऑक्सलेट. फ्लोराइड एनोलेज या एन्झाइमला अडवते. पण एनोलेज हा दहांपैकी नववा टप्पा आहे, आणि नेमकी मेख येथेच आहे. पाटाचे टोकाचे दार बंद केले तरी वरचा पाट तुडुंब भरेपर्यंत विहिरीचे पाणी उपसले जातच राहते. तसेच हेक्सोकायनेज हा पहिला टप्पा एटीपी संपेपर्यंत ग्लुकोज ओढत राहतो. म्हणून फ्लोराइड असूनही पहिला तास-दोन तास साखर घटतच असते, आणि त्यानंतर मात्र ती स्थिर राहते. सायट्रेटने आम्ल केलेल्या नळ्या सुरुवातीचेच टप्पे रोखतात, त्यामुळे त्या अधिक भरवशाच्या. पण ग्रामीण भागात त्या क्वचितच दिसतात. तेव्हा फ्लोराइड बल्ब घ्यावाच, परंतु रक्त खुणेपर्यंतच भरून तो आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करावा. घाईत हे राहून गेले की भुकटी तळालाच चिकटून राहते आणि वरचे रक्त पूर्वीसारखेच साखर खात बसते.

मग सगळेच नमुने बर्फात ठेवावेत का? साखरेपुरते ते योग्य आहे, पोटॅशियमसाठी नाही. पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप थंडीत मंदावतो, आतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. त्यामुळे साधा बल्ब सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) सीरम, म्हणजे पेशींवरचा पातळ द्रव, आधी वेगळे करावे आणि मगच थंड पेटीत ठेवावे.

मेडिकलच्या काउंटरवर अहवाल पुढे सरकवून “भाऊ, साखर तर बरोबर आली, गोळी बंद केली तं चालते का?” असे विचारणारा माणूस फार्मासिस्टला रोजचा आहे. गोळीचा निर्णय डॉक्टरांचाच. पण अहवालावर नमुना घेतल्याची वेळ आणि तो प्रयोगशाळेत मिळाल्याची वेळ पाहणे फार्मासिस्टच्या हातात आहे, आणि माझ्या मते ते औषधाची मुदत पाहण्याइतकेच त्याचे काम आहे.

या अडचणीतून सुटण्यासाठी बहुतेक जण एचबीए१सी, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी तपासणी, सुचवतात. हा नमुना ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या बल्बमध्ये घेतात, तो थंड जागी काही दिवस टिकतो, उपाशी राहावे लागत नाही, आणि मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. परंतु या सरासरीमागे एक गृहीतक आहे: तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढा काळ तिच्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते. पूर्व विदर्भात हे गृहीतक प्रत्येकाला लागू पडत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत आदिवासी आणि इतर काही समाजांमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि दोन्ही जनुके तशी असलेल्या रुग्णाच्या पेशी बहुधा दहा-वीस दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही; शिवाय अशा रुग्णात हिमोग्लोबिन ‘ए’ जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्याचा एचबीए१सीचा आकडा निरर्थक ठरतो. एकच जनुक तसे असलेल्या वाहकाच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, त्यामुळे तेथे प्रश्न तपासणीच्या पद्धतीचा असतो: काही पद्धतींत हे बदललेले हिमोग्लोबिन ‘एस’ अडथळा आणते, काहींत आणत नाही. लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात उलट हा आकडा थोडा चढा येऊ शकतो.

म्हणजे उन्हात पडलेला बल्ब आणि सिकलसेल, दोन्ही साखर खरीपेक्षा कमी दाखवतात. एक आकडा दुसऱ्याशी जुळला म्हणून दोन्ही बरोबर, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. सिकलसेलच्या रुग्णासाठी फ्रुक्टोसामीन ही तपासणी आहे. ती अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि मागील दोन-तीन आठवड्यांचे चित्र देते. ती तालुक्याला सहसा होत नाही, नमुना जिल्ह्याला किंवा नागपूरला पाठवावा लागतो. तोवर ग्लुकोमीटर उपयोगी पडतो, कारण बोटातून आलेला थेंब काही सेकंदांतच मोजला जातो आणि पेशींना साखर खायला अवधी मिळत नाही. मात्र रक्त फार पातळ असेल, म्हणजे त्यात तांबड्या पेशी कमी असतील, तर अनेक ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. आणि बहुतेक कंपन्यांच्या पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, म्हणून त्यांची डबी टिनाच्या छपराखालच्या फळीवर न ठेवता घरातील सर्वांत गार कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवावी.