बिनगोळीची स्विस काडतुसे आणि त्यांचे बूड

स्विस लष्कराचे जुने ७.५ मिमी काडतूस हाती आले की आधी ते उलटे धरावे. थूनच्या सरकारी कारखान्याचे असेल तर बुडावर टी, आल्टडॉर्फचे असेल तर ए. सोबत महिना, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि पितळ कुणी पुरवले त्याचे अक्षर. डी म्हणजे डॉर्नाख. 

या घराण्याचा मूळपुरुष एडुआर्ड रुबिन, थूनच्या दारूगोळा कारखान्याचा संचालक. तांब्याच्या आवरणाची गोळी त्याने १८८२ च्या सुमारास घडवली आणि १८८९ च्या श्मिट-रुबिन रायफलीने लहान व्यासाचे काडतूस लष्करात आणले. १९११ मध्ये जीपी ११ (जीपी म्हणजे रायफलीचे काडतूस) आले: ५५ मिमीची केस, म्हणजे पितळी कवच, आणि ११.३ ग्रॅमची टोकदार गोळी. पुढची ७.५ मिमीची ब्लँक, म्हणजे नुसता आवाज करणारी बिनगोळीची, आणि ग्रेनेडची काडतुसे याच केसवर बेतली गेली.

स्वित्झर्लंडचे सैन्य नागरिकांचे. दरवर्षी उजळणी, दरवर्षी लुटुपुटीची लढाई, म्हणून ब्लँकचा खप मोठा. कार्बाइन ३१ या आखूड रायफलीचा बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो, त्यामुळे तिच्यात ब्लँक वाजले की काम झाले. स्वयंचलित श्टुर्मगेवेर ५७ रायफलीला मात्र तेवढ्याने पुढचे काडतूस भरता येत नाही. नळीच्या तोंडाशी वायू अडवणारा जोड लागतो.

खरी गंमत ग्रेनेडच्या काडतुसात आहे. त्यातही गोळी नसते. नळीच्या टोकावर चढवलेला ग्रेनेड नुसत्या वायूच्या दाबाने फेकला जातो. त्या जागी चुकून गोळीचे काडतूस गेले, तर गोळी थेट ग्रेनेडवर आदळणार. म्हणून श्टुर्मगेवेर ५७ ला ग्रेनेडच्या काडतुसांसाठी वेगळे, सहाच काडतुसांचे पांढरे मॅगझिन दिले, नेहमीचे चोवीसचे. धक्का इतका जबर की दस्त्याला रबर लावले. संग्रहात ते मॅगझिन काडतुसाशेजारी असले की सगळी व्यवस्था ध्यानात येते, म्हणून माझ्या मते सुट्या काडतुसापेक्षा ही जोडी शोधावी.

वाजवलेल्या केसही बोलतात. श्टुर्मगेवेर ५७ च्या कोठडीत, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, उभ्या खाचा असतात, त्यामुळे केसवर काजळीचे लांब पट्टे उमटतात. कार्बाइन ३१ मधून निघालेली केस गुळगुळीत असते.

नावाचा एक चकवा: १८९० चे ७.५ मिमीचे जीपी ९० आणि १९९० च्या रायफलीचे ५.६ मिमीचे जीपी ९० यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. वर्णनात नुसते नाव असेल तर आधी व्यास विचारावा.

स्वित्झर्लंडच्या बाजारातून आठवण म्हणून एखादे काडतूस सामानात टाकायचा मोह टाळलेला बरा. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच धरले आहेत.