आकाशातील अज्ञात प्रकाश : लष्करी चौकशी

आकाशात दिसलेल्या, पण पाहणाऱ्याला ओळख न पटलेल्या प्रकाशांची लष्कराने अधिकृतपणे केलेली नोंद व छाननी. परग्रहवासीयांचा शोध हा तिचा हेतू नसतो. प्रकाश शत्रूच्या विमानाचा किंवा क्षेपणास्त्राचा आहे का, हा तिचा पहिला प्रश्न.

‘उडती तबकडी’ या संज्ञेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने २४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनिअर या पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, एवढेच आपण म्हणालो, आकार वार्ताहरांनी जोडला, असे त्याने पुढे सांगितले. बहुतेक संदर्भग्रंथ हेच मत देतात. मात्र घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मुलाखतींत त्याने वस्तूंच्या चपट्या आकाराचेही वर्णन केलेले आढळते; त्यामुळे सारे खापर वार्ताहरांवर फोडणे योग्य वाटत नाही. मराठीतील ‘तबकडी’ हे तबक या अरबी-फार्सी वळणाच्या शब्दाचे लघुरूप असून ग्रामोफोनमुळे तो शब्द घराघरांत रुळलेला होता.

अमेरिकी हवाई दलाच्या साइन, ग्रज व ब्लू बुक या एकापाठोपाठच्या प्रकल्पांनी १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण लडाखचे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांनी अशा ३२९ नोंदी केल्या. १५५ वेळा प्रकाशाने चीनलगतची प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याचे नोंदले गेले. टेहळणीच्या ड्रोनचा संशय होता. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छाननी करून हे प्रकाश गुरू व शुक्र असल्याचा निष्कर्ष दिला. गुरू ३ डिसेंबर २०१२ रोजी प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला होता; म्हणून दिवस मावळता उगवून रात्रभर आकाशात. शुक्र पहाटे पूर्वेला. सव्वाचार हजार मीटर उंचीवरच्या विरळ, कोरड्या हवेत दोन्ही ग्रह सपाटीपेक्षा अधिक ठळक दिसतात. प्रकाश रात्रीगणिक काही मिनिटे लवकर त्याच जागी येत गेला, तर तो आकाशस्थ ग्रहताऱ्याचा. ड्रोन असे घड्याळ पाळत नाही. या निष्कर्षानंतर जवानांची जी थट्टा झाली ती अन्यायाची होती. कडाक्याच्या थंडीत त्यांनी नोंदी ठेवल्या म्हणूनच उत्तर हाती आले.

कोल्हापूर जिल्ह्यात अशी लष्करी चौकशी झाल्याची नोंद नाही, पण विषय परका नाही. शाहूवाडी, गगनबावडा भागात रानात हलणाऱ्या दिव्याला आग्या वेताळ म्हणतात. दलदलीतील वायू पेटतो हे त्याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. परंतु घाटमाथ्याच्या उतारांवर उन्हाळ्यात दूरवर दिसणारी वणव्याची तुटक रांग, किंवा चुडी घेऊन चाललेली माणसे, ही कारणे अधिक संभवतात. उसाला रात्रीचे पाणी पाजताना दारं धरणारा शेतकरी आकाशाचा जुना साक्षीदार. गगनबावड्याच्या अंगाला मावळणारी शुक्राची चांदणी क्षितिजाजवळ लाल-हिरवी लुकलुकते आणि बांधावरून चालणाऱ्याला ती आपल्यासोबत सरकते आहे असे वाटते. अलीकडे स्टारलिंक उपग्रहांची दिव्यांची माळ आणि २ एप्रिल २०२२ रोजी राज्याच्या बऱ्याच भागांत दिसलेली जळती रेघ यांची भर पडली. ती रेघ चिनी रॉकेटच्या टप्प्याची होती असे मानले जाते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूचे कडे पडले होते.

आकाशातील प्रकाशाची शास्त्रीय नोंदही कोल्हापुरात होते. तेथील शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची यंत्रणा आहे. तेथील सर्वाकाश कॅमेऱ्याचे फुगीर भिंग एकाच चित्रात क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश घेते. डोळ्यांना न दिसणारी वातावरणाची स्वयंदीप्ती, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा मंद प्रकाश, त्यात उमटते : सुमारे ९७ किलोमीटरवरचा ऑक्सिजनचा ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि सुमारे २५० किलोमीटरवरचा ६३० नॅनोमीटरचा लाल. लाल चित्रांत दक्षिणोत्तर पसरलेले काळे पट्टे म्हणजे आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातील, प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) विरळ बुडबुडे. ही निरीक्षणे अमावास्येच्या आसपासच्या निरभ्र रात्रींतच साधतात. मृग सुरू झाला की ढगांमुळे ती थांबतात.