काठवटीला लाख का लागली नाही

सावंतवाडी म्हटलं की चितार आळीतली लाकडी फळं, भातुकली आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आठवतात. पीठ मळायची मोठी काठवट या कौतुकात कधी आली नाही. कारण लेथीत, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रात, आणि स्वयंपाकघरात आहे.

वीज येण्याआधीची लेथ दोरीवर चाले. कातारी जमिनीवर बसणार, समोर दोन खुंट्यांमध्ये अडकवलेल्या लाकडाला दोरीचे वेढे आणि जोडीदार दोरीची टोकं आळीपाळीने ओढणार. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पटाशी टेकवायची ती फक्त पुढच्या फेऱ्याला. मागच्याला हात सैल. म्हणजे निम्मी ओढाओढ फुकटच! लहान वस्तूला हे परवडतं. पण फेरे तेवढेच असले तरी १६ इंची भांड्याची कड ४ इंची वस्तूच्या चौपट वेगाने धावते आणि तो जड ओंडका दर वेळी थांबवून उलटा फिरवायचा म्हणजे दोरी ओढणाऱ्याची कंबरच ढिली. त्यामुळे मोठी काठवट लेथीपेक्षा वाकसाची (लाकूड तासायच्या हत्याराची) असणार, असं मला वाटतं. कोरलेल्या काठवटीच्या तळावरून हात फिरवला तर वाकसाचे चपटे घाव अजून बोटांना लागतात.

फळा-खेळण्यांना लेथीवरच रंगही चढे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळून बसते. वरून केवड्याचं पान घासलं की चकाकते. काठवटीत मात्र तांदळाच्या भाकरीची उकड गरमागरम मळायची. त्या उष्णतेपुढे लाख काय टिकणार? म्हणून काठवट कोरीच राहिली, खोबरेल पिऊन काळवंडत गेली.

संस्थान गेल्यावर राजाश्रयही गेला. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून गंजिफा आणि लाखकामाला पुन्हा उभारी दिली. काठवटीला असा वाली मिळाला नाही. आधी अ‍ॅल्युमिनियमची, मग स्टीलची परात आली आणि काठवट माळ्यावर गेली.

विजेच्या लेथीने मोठ्या भांड्याची मुख्य अडचण दूर केली. लाकूड एकाच दिशेने फिरतं, व्यास मोठा असेल तर पट्टा दुसऱ्या पुलीवर टाकून वेग उतरवता येतो. फणसाचं किंवा शिवणीचं मोठं भांडं आता एकटा माणूस कातू शकतो.

लाकडाचा हट्ट मात्र तोच. ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाकावा लागतो, नाहीतर भांडं तडकतं. ओलं असतानाच जाडसर कातायचं (१४ इंची भांड्याला साधारण दीड इंचाची भिंत) आणि काही महिने सावलीत ठेवायचं. तंतूंच्या आडव्या दिशेने लाकूड बरंच आक्रसतं, तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, त्यामुळे गोल भांडं लांबट होतं. तेवढ्यासाठीच जाडी राखायची, म्हणजे सुकल्यावर पुन्हा लेथीवर चढवून गोल करता येतं. मृगाआधी ते सुकलं नसेल तर कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते. मग घाई न करता आश्विनातलं ऊन पडेपर्यंत थांबलेलं बरं.