माशांच्या आधी टाकीला विरजण

नवी काचेची टाकी घरी आली की त्याच संध्याकाळी मासे आणावेसे वाटतात. पाणी नितळ, झाडं हिरवीगार, दिवा लागलेला. आठवडा उलटत नाही तोच मासे वर येऊन धापा टाकू लागतात. ‘पाणी बाधलं,’ असं म्हणून आपण नवे मासे आणतो आणि पुन्हा तेच होतं. बाधतो तो अमोनिया.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. नदीत तो वाहून जातो, विरतो. दोन फुटी टाकीत पाणी जेमतेम ५५ लिटर, तिथे तो साचतो. त्यातही पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे ते) मोठा फरक पाडतो. २५ अंशांवर सामू ७ असेल तर अमोनियाचा विषारी भाग अर्धा टक्का असतो, ८ असेल तर सुमारे पाच टक्के.

हे विष पचवणारे जीवाणू असतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडून प्राणवायू वाहून नेईनासं होतं. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसतं आणि झाडं ते खातात. हे दोन टप्पे वेगवेगळे जीवाणू करतात, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवलं. पुढे सव्वाशे वर्षं तेच मानलं गेलं. २०१५ साली दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा नावाचा जीवाणू सापडला, आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमधला होता! मला ही गोष्ट फार आवडते.

हे जीवाणू वाढतात मात्र सावकाश. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना बरेच तास, कधी दिवसही लागतो. म्हणून टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. दुधाला विरजण लावावं तसंच हे. तो ओलाच आणा आणि नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीत भरायचं पाणीही क्लोरीन घालवूनच वापरा.

जीवाणूंना खाऊही हवा. ५५ लिटरला सुमारे ०.३५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातलं की लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईवाल्याचा नवसागर तो हाच, पण टाकीसाठी शुद्ध, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या.

झाडं पहिल्या दिवसापासून लावा, तीही अमोनिया शोषतात. पहिल्या पंधरवड्यात क्रिप्टोकोरायनीची पानं विरघळल्यासारखी झाली तर उपटून टाकू नका. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर वाढलेली असतात. मुळं धरली की पाण्यातली नवी पानं येतात. सडकी पानं तेवढी काढा. ॲन्युबियस आणि जावा फर्नचा आडवा खोडासारखा भाग वाळूत पुरू नका, कुजतो. दिवा सहा तास पुरे. काचेवर तपकिरी थर आला तर पुसून घ्या.

मग चार-सहा आठवड्यांनी एके दिवशी तेवढंच अमोनियम क्लोराइड घाला आणि चोवीस तासांनी टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं, की अर्धं पाणी बदलून तीन-चार लहान मासे सोडा. जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या खाण्याइतकीच राहते, म्हणून पुढचे मासे दोन आठवड्यांनी.