खाण वाढवण्याआधी जुने ईसी पत्र उघडा
(दगड, मुरूम व जांभा खाणपट्टेधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या सल्लागार कचेरीत येणारे पट्टेदार पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतात : "साहेब, रॉयल्टी पै न् पै भरलीय, मग अडचण कसली?"

अडचण हीच, की रॉयल्टी वेगळी आणि पर्यावरण मंजुरी वेगळी. काढलेल्या मालाचा पैसा महसूल खात्याला गेला, एवढेच रॉयल्टीची पावती सांगते. वर्षाला किती माल काढायचा, किती खोल जायचे, सुरुंग लावायचा की ब्रेकर चालवायचा, हे पर्यावरण मंजुरीच्या पत्रात, म्हणजे आपण सगळे ज्याला ईसी म्हणतो त्यात, ठरलेले असते. जादा मालाची रॉयल्टी भरली म्हणून तो माल ईसीत बसत नाही. उलट त्याच पावत्या जादा उत्खननाचा पुरावा म्हणून फाईलला लागतात.

हे फक्त आमचे म्हणणे असते तर सोडून दिले असते. ओडिशातल्या लोहखनिज आणि मँगनीजच्या खाणींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल दिला. 'आमचा पट्टा वैध आहे, त्यामुळे उत्खनन बेकायदा कसे?' हा खाणमालकांचा मुख्य बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. ईसी नसताना किंवा ईसीतल्या आकड्यापेक्षा जास्त काढलेले खनिज बेकायदा ठरले आणि खाण व खनिज कायद्याच्या कलम २१(५) खाली त्याची १०० टक्के किंमत वसूल करायचा आदेश झाला. नफा नव्हे, किंमत! डिझेल, मजुरी, सुरुंगाचा खर्च सगळा आपल्या खिशातून गेलेला आणि माल फुकट दिल्यासारखा. आपल्याकडे गौण खनिजाला (दगड, मुरूम, जांभा वगैरे) महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८(७) लागते, त्यात दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो.

बदल म्हणजे नेमके काय?

केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना या सगळ्याचे मूळ आहे. नव्या प्रकल्पाला जशी आधी मंजुरी लागते, तशीच चालू प्रकल्पाच्या विस्ताराला, आधुनिकीकरणाला आणि उत्पादनाच्या प्रकारातल्या बदलालाही लागते. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. पाच हेक्टरखालच्या खाणी पूर्वी यातून सुटायच्या. हरियाणातल्या एका प्रकरणात, दीपक कुमार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ती पळवाट बंद केली. म्हणून आज दीड एकराच्या खाणीलाही ईसी लागते.

वार्षिक उत्पादन वाढवणे, शेजारचा गट नंबर जोडून क्षेत्र वाढवणे, मंजूर खोलीच्या खाली जाणे, मुरमाच्या पट्ट्यातून डबर काढू लागणे, हे सगळे बदलात मोडते. ब्रेकरवर चालणाऱ्या खाणीत सुरुंग सुरू करणे हाही बदलच, कारण धूळ, हादरे आणि उडणारे दगड यांचा सगळा हिशेब त्यामुळे फिरतो. नवीन पोकलेन घेतला, जुना डंपर विकला, एवढ्याने मात्र कोणी काही विचारत नाही.

क्रशरबद्दल नेहमीचा गोंधळ असतो. क्रशरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते, खाणीला ईसी आणि संमतीपत्र दोन्ही. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. क्रशरची क्षमता वाढवून घेतली म्हणून खाणीचा आकडा आपोआप वाढत नाही. त्याचा उलट परिणाम मात्र नक्की होतो : मोठा क्रशर आणि छोटी ईसी पाहिली की तपासणी अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'मग एवढा दगड येतो कुठून?'

ब्रास आणि टनाचा घोळ

आमच्या मते निम्मी प्रकरणे लबाडीने नव्हे, या घोळाने चिघळतात. म्हणून इथे जरा थांबू.

महसूल खाते ब्रासमध्ये बोलते. ईसीत आकडा टनात, घनमीटरमध्ये किंवा ब्रासमध्ये, कशातही असू शकतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. इथपर्यंत सोपे आहे. पण ब्रास कुठला? डोंगरातल्या अखंड दगडाचा की हायवा डंपरात भरलेल्या सुट्या खडीचा? अखंड काळ्या पाषाणाचा एक घनमीटर साधारण २.८ टन भरतो. तोच फोडून खडी केली की मधल्या पोकळीमुळे एक घनमीटर साधारण १.६ टनांवर येतो.

समजा, तुमच्या ईसीत वर्षाला ५०,००० टन लिहिले आहे. सुट्या खडीच्या हिशेबाने हे जवळपास ११,००० ब्रास होतात. अखंड दगडाच्या हिशेबाने फक्त ६,३०० च्या आसपास. आता ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने होणाऱ्या) मोजणीची माणसे येतात. ती खड्डा मोजतात, ढीग किंवा गाडी मोजत नाहीत. तुम्ही '११,००० ब्रासची परवानगी आहे' असे डोक्यात धरून तेवढा खड्डा केला असेल, तर टनात तो ८७,००० च्या पुढे जातो. तुमच्या मनात काही काळेबेरे नव्हते, पण कागदावर ३७,००० टन जादा निघाले.

म्हणून बदलाचा अर्ज करताना आकडा टनात आणि खाणीतल्या घनमीटरमध्ये असा दोन्ही लिहावा, घनता कुठली धरली तेही लिहावे आणि मंजूर खाण आराखड्यातला आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळवावा. आराखडा एक सांगतो, ईसी दुसरे आणि संमतीपत्र तिसरे, अशा फाईली आम्ही नेहमी पाहतो. तिन्हीत जो सर्वांत लहान आकडा, तोच तुमचा आकडा, असे धरून चाला.

दुसरी एक सवय सोडा. सुरुवातीला 'कमी दाखवले की लवकर मिळते' म्हणून आकडा हात आखडून लिहायचा आणि जवळ महामार्गाचे काम निघाले की धावाधाव करायची. तुमचा ग्राहक कोण, पुढच्या पाच वर्षांत मागणी किती, याचा विचार पहिल्याच अर्जात करा. मागायला पैसे पडत नाहीत, पण मागाल ते निस्तरता आले पाहिजे : तेवढ्या गाड्या, तेवढी धूळ, तेवढे पाणी.

कुठली वाट लागते?

गौण खनिजाचे प्रस्ताव राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे जातात. सगळे त्याला 'सीया' म्हणतात. त्याआधी तज्ज्ञ समिती छाननी करते. अर्ज 'परिवेश' या संकेतस्थळावरूनच करायचा असतो, टपालाने फाईल पाठवायचे दिवस गेले.

पाच हेक्टरपर्यंतचा एकटा पट्टा 'बी-२' गटात बसतो आणि त्याला जनसुनावणी लागत नाही. पण 'एकटा' म्हणजे खरोखर एकटा. त्याच खनिजाच्या दुसऱ्या पट्ट्याची हद्द तुमच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्हींचा समूह धरतात. समूहाची बेरीज पाच हेक्टरच्या वर गेली की पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी आलीच. अर्ज करण्याआधी आजूबाजूला फिरून या. शेजाऱ्याची बंद पडलेली खाणसुद्धा विचारात घ्यावी लागू शकते.

२०१६ पासून काही काळ जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती ईसी देत असे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या सप्टेंबर २०१८ च्या आदेशानंतर ते थांबले आणि पुढे त्या मंजुऱ्यांचे राज्य पातळीवर फेरमूल्यांकन करायचे ठरले. तुमचे पत्र त्या काळातले असेल तर विस्ताराचा विषय नंतर, आधी फेरमूल्यांकन झाले का ते सांगा.

जनसुनावणीचे नाव काढले की पट्टेदारांच्या पोटात गोळा येतो. प्रदूषण मंडळ ती घेते, जिल्हाधिकारी किंवा निदान अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी अध्यक्ष असतात, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत गावाला उपलब्ध करावा लागतो. गणपूर्तीची अट नाही. म्हणून काहीजण गुपचूप उरकण्याच्या मागे असतात. तसे करू नका. गावाची तक्रार बहुतेक वेळा चारच गोष्टींची असते : विहिरीचे पाणी, घराच्या भिंतीला गेलेले तडे, उसावर बसणारी धूळ आणि शाळेच्या वेळेत धावणारे डंपर. सुनावणीच्या आधीच सरपंचांकडे जाऊन बसा. डंपरची वेळ बदलायला पैसा लागत नाही. आणि सारांश खरोखर वाचता येईल अशा मराठीत हवा. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेले सारांश आम्ही पाहिलेत. ते वाचून गाव आणखी चिडते.

काही ठिकाणी प्रयत्नच करू नका

पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्रात तुमचे गाव असेल तर विस्ताराचा खर्च वाचवा. केंद्राच्या १३ नोव्हेंबर २०१३ च्या निर्देशांपासून तिथे नव्या खाणी आणि खाणींचा विस्तार बंद आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मसुद्यात, ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यातही, तीच भूमिका आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत खाणकाम चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर आणि सातारा इथल्या ग्राहकांनी आधी गावाचे नाव यादीत पाहून घ्यावे. ते आम्ही विनामूल्य पाहून देतो.

जुन्या अटींचे काय केले?

विस्ताराचा अर्ज इथेच अडतो. तज्ज्ञ समिती नव्या आकड्याआधी जुन्या अटी पाळल्या का ते विचारते आणि त्याचा प्रमाणित अहवाल मागते. महाराष्ट्रासाठी हे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आहे.

दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यायचा असतो. दिलाय का? खाणीच्या हद्दीलगत ७.५ मीटरची पट्टी सोडून तिथे झाडे लावायची होती. झाडे राहू द्या, ती पट्टी तरी शिल्लक आहे का? पुष्कळ खाणींत तीच आधी पोटात गेलेली असते, कारण तिथला दगड 'हातचा' असतो. पाणी मारायच्या टँकरच्या पावत्या, हवेच्या आणि आवाजाच्या तपासण्या, कामगारांची आरोग्य तपासणी, यांचे कागद नसतील तर मागच्या तारखा घालून ते तयार करून देणे आम्ही करत नाही. विचारू नये.

बदल आधीच करून बसला असाल तर

फोनवर सांगू नका, कचेरीत या आणि खरे सांगा. आधी काम आणि मग मंजुरी, यासाठी केंद्राने १४ मार्च २०१७ रोजी सहा महिन्यांची एक खिडकी उघडली होती, मग जुलै २०२१ मध्ये कार्यपद्धती काढली. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी या दोन्ही रद्द केल्या. पुढे १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने ऐकायचे ठरवले. तेव्हापासून आम्हाला 'आता परत चालू झाले ना?' असे फोन येतात. यावर खाणीचा धंदा उभा करू नये, एवढेच आमचे उत्तर. आज जादा काढलेला माल उद्या कुठल्या नियमात बसेल हे ठरलेले नसताना, जादा उत्खनन आजच थांबवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वेळ किती?

अधिसूचनेत छाननीला ६० दिवस आणि निर्णयाला ४५ दिवस आहेत. हे १०५ दिवस पूर्ण अर्ज पोचल्यानंतरचे. आघात अहवाल लागत असेल तर हवा, पाणी, माती आणि आवाजाची तीन महिन्यांची मोजणी आधी करावी लागते आणि ती पावसाळ्यात चालत नाही. म्हणजे तुम्ही मे महिन्यात आलात तर आमचे यंत्र खाणीवर लागते दसऱ्याच्या सुमारास. विस्तार पुढच्या हंगामासाठी हवा असेल तर या हंगामाच्या सुरुवातीला या.

मंजुरी मिळाली की सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, त्यातले एक मराठी असू द्या, आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. कित्येकजण हा खर्च टाळतात. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात, जास्तीत जास्त आणखी ६०. मंजुरी लोकांना कळवलीच नसेल तर वर्षभरानंतर उठलेल्या हरकतीला तोंड देताना तुमची बाजू लंगडी पडते.

पट्टा मुलाच्या किंवा भागीदारी संस्थेच्या नावावर करायचा असेल तर हे सगळे लागत नाही. ईसीची मुदत शिल्लक असताना जुन्या धारकाच्या लेखी संमतीने ती हस्तांतरित होते, अटी त्याच राहतात. आजोबांच्या नावावरची ईसी आणि नातवाच्या नावावरचा पट्टा, ही स्थिती मात्र लवकर सुधारून घ्या.

येताना काय आणायचे

ईसीचे पत्र सर्व पानांसह (व्हॉट्सॲपवर पहिल्याच पानाचा फोटो येतो, अटी पुढच्या पानांवर असतात), मंजूर खाण आराखडा, पट्ट्याचा आदेश, सातबारा व मोजणी नकाशा, चालू संमतीपत्र, मागच्या तीन वर्षांच्या रॉयल्टीच्या पावत्या आणि ईटीएस मोजणी झाली असल्यास तिचा अहवाल.

पहिल्या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. त्यानंतरचे शुल्क लेखी कळवतो. सरकारी शुल्क, प्रयोगशाळा आणि जाहिरातीचा खर्च त्यात वेगळा दाखवलेला असतो. मंजुरीची हमी आम्ही देत नाही, आणि कोणी देत असेल तर तो कशाची हमी देतोय हे नीट विचारून घ्या. पर्यावरण आघात अहवाल नॅबेट (अशा सल्लागारांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त सल्लागारानेच करायचा असतो. काम आमच्याकडे द्या किंवा दुसऱ्याकडे, मान्यतेचे पत्र मागा आणि त्यात खाणकाम हे क्षेत्र लिहिलेय का ते स्वतः वाचा.